प्लास्टिकच्या भिंतीतून पाण्याची वाट

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात गाठता येणारे घारापुरी बेट तेथील लेण्यांमुळे जगाच्या नकाशावर आहे. परंतु या बेटावरील राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांमधील रहिवाशांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे जनरेटरच्या काही तासांच्या विजेवर संध्याकाळ काढावी लागत होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळावरून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलद्वारे २२ हजार व्होल्ट दाबाची वीज बेटावर पोहोचली आणि ही प्रतीक्षा संपली.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज नेणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. मध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार. तिच्यावर हजारो व्होल्टचा दाब. बाहेर समुद्र, म्हणजे विजेला जमिनीत उतरण्यासाठी अखंड खुला असलेला मार्ग. या दोहोंमध्ये विद्युतरोधकाचा जो थर असतो, त्याची जाडी २२ हजार व्होल्टच्या आधुनिक केबलमध्ये अवघी साडेपाच-सहा मिलिमीटर, म्हणजे हाताच्या करंगळीहूनही कमी असते. हा थर बहुधा एका प्लास्टिकचा असतो. समुद्राखालीच नव्हे, तर शहरांतील पदपथांखाली, कारखान्यांच्या आवारांत आणि किनाऱ्यालगतच्या दलदलीच्या जमिनीतही हाच थर पाणी आणि वीज यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम अहोरात्र करीत असतो.

हे प्लास्टिक पाण्याला खरोखरच पूर्णपणे अडवते काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते शोधून काढण्यासाठी जगातील वीजमंडळांना आणि केबल उत्पादकांना मोठी किंमत मोजावी लागली.

गटापर्चापासून पॉलिथिलीनपर्यंत

पाण्याखालून तार नेण्याचा उद्योग विजेच्या दिव्याहून जुना आहे. मलाया द्वीपकल्पातील वृक्षांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात पोहोचला. गरम पाण्यात मऊ होणारा, थंड झाल्यावर घट्ट होणारा आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारा हा पदार्थ तारायंत्राच्या केबलसाठी वरदान ठरला. १८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारी केबल यशस्वीपणे टाकण्यात आली, तर १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन ही केबल अंथरून आपल्या किनाऱ्याला जगाशी जोडले. या केबलमधील विद्युतदाब मात्र अगदी अल्प असे. गटापर्चात थोडे पाणी मुरले तरी संदेशवहनाला त्यामुळे फारशी बाधा येत नसे.

पॉलिथिलीनचा शोध २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोन रसायनशास्त्रज्ञांना जवळजवळ अपघातानेच लागला. प्रचंड दाबाखाली एथिलीन वायूवर प्रयोग करीत असताना पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ साचलेला त्यांना आढळला. वीज अडवण्याची त्याची क्षमता विलक्षण होती. दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्रणेच्या केबलसाठी त्याचा उपयोग झाला आणि युद्धानंतर तो सर्वत्र पसरला. पुढे या पदार्थाचे लांबलचक रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी बांधून, उष्णतेने न वितळणारे 'क्रॉसलिंक्ड' पॉलिथिलीन तयार करण्यात आले. केबलच्या व्यवहारात ते 'एक्सएलपीई' या नावाने ओळखले जाते. तेलात भिजवलेला कागद आणि त्यावरील शिशाचे जड वेष्टण यांची जागा घेणारा हा पदार्थ हलका, स्वच्छ आणि हाताळण्यास सोपा होता. पाणी त्याला स्पर्शही करीत नाही अशी समजूत असल्यामुळे शिशाचे वेष्टण अनावश्यक ठरविण्यात आले. हीच समजूत पुढे महागात पडली.

निश्छिद्र दिसणारी जाळी

पॉलिथिलीनचा तुकडा भिंगाखाली पाहिला तरी त्यात छिद्र दिसत नाही. परंतु रेणूंच्या पातळीवर तो लांब साखळ्यांच्या गुंत्यासारखा असतो. काही ठिकाणी या साखळ्या शिस्तीने घड्या घालून बसलेल्या असतात; तो स्फटिकी भाग होय. उरलेल्या अस्फटिकी भागात त्या सैलपणे पसरलेल्या असून उष्णतेमुळे सतत वळवळत असतात. या हालचालीत क्षणोक्षणी सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात आणि मिटतात.

पाण्याचा रेणू अत्यंत लहान असतो. सुमारे पस्तीस लाख रेणू एका ओळीत ठेवले, तर त्यांची लांबी एक मिलिमीटर भरेल. असा एकटा रेणू एका क्षणिक पोकळीतून दुसरीत उडी घेत प्लास्टिकच्या आरपार जाऊ शकतो. या क्रियेला विसरण म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्लास्टिकमधून पाणी झऱ्यासारखे वाहत नाही. ते वाफेप्रमाणे सुट्या सुट्या रेणूंच्या रूपाने सरकते. त्याचे प्रमाणही फार थोडे असते. एक किलो शुद्ध पॉलिथिलीनमध्ये सामान्य तापमानाला मुरणारे पाणी एक ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. तथापि, थांबण्याचे त्याला कारण नसते. पाच-सहा मिलिमीटरचा थर ओलांडण्यास त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. केबलचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे धरले जाते. तेव्हा पाण्यात किंवा ओल्या जमिनीत असलेल्या, धातूचे वेष्टण नसलेल्या केबलच्या विद्युतरोधकात पाणी पोहोचणारच, असे गृहीत धरून चालणे भाग आहे.

मीठ दाराबाहेर का राहते?

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पाण्याबरोबर हे क्षारही प्लास्टिकमध्ये शिरत असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही.

मीठ पाण्यात विरघळते, तेव्हा त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात. पाण्याचे रेणू या आयनांभोवती गर्दी करून त्यांचा विद्युतभार जणू झाकून टाकतात, म्हणूनच ते पाण्यात सुखाने राहतात. विद्युतभाराचा प्रभाव सौम्य करण्याची ही शक्ती पाण्यात निर्वात पोकळीच्या मानाने सुमारे ऐंशीपट आहे. पॉलिथिलीनमध्ये ती जेमतेम सव्वादोनपट आहे. पाणी सोडून प्लास्टिकमध्ये शिरायचे, तर आयनाला पाण्याच्या रेणूंचे हे कवच उतरवून ठेवावे लागते. त्यासाठी जी ऊर्जा लागते, ती सामान्य तापमानाला रेणूंपाशी असणाऱ्या औष्णिक ऊर्जेच्या कित्येक पट, सोडियमसारख्या लहान आयनाच्या बाबतीत तर सुमारे शंभरपट भरते. सुट्या आयनाला हा उंबरठा ओलांडणे व्यवहारात अशक्यच म्हणावे लागेल.

म्हणजे प्लास्टिकची भिंत पाण्याला आत सोडते आणि मिठाला बाहेर ठेवते. गंमत अशी की, समुद्राच्या पाण्यात बुडवलेले शुद्ध पॉलिथिलीन गोड्या पाण्यात बुडवलेल्यापेक्षा किंचित कमीच पाणी शोषते. कारण विरघळलेले क्षार पाण्याचे रेणू काही प्रमाणात धरून ठेवतात. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर खाऱ्या पाण्याची भीती बाळगण्याचे कारण उरले नसते. पण बाहेरचे मीठ जितके निरुपद्रवी, तितकेच आत राहून गेलेले मीठ घातक असते.

आतले मीठ पाण्याला बोलावते

पावसाळ्यात उघडे राहिलेले मीठ ओले होते, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे पंच्याहत्तर टक्क्यांपलीकडे गेली की, मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तेही याच ओढीमुळे. अर्धपार पडद्यातून पाणी क्षारांकडे धाव घेते, या क्रियेला तर्षण असे म्हणतात.

आता केबल तयार होत असताना प्लास्टिकच्या थरात क्षाराचा एखादा डोळ्यांना न दिसणारा कण अडकला आहे, अशी कल्पना करावी. बाहेरून विसरणाने आलेले पाण्याचे सुटे रेणू या कणापाशी पोहोचतात आणि तेथेच अडकतात. क्षार विरघळतो, खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो, आणि तो आणखी पाणी ओढू लागतो. हा थेंब सभोवतालच्या प्लास्टिकवर दाब देऊन आपली जागा रुंदावतो. होड्यांच्या तळावर रंगाखाली फोड येतात, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. रंग देण्यापूर्वी पृष्ठभागावर राहून गेलेले क्षार रंगाच्या पापुद्र्यातून पाणी खेचून घेतात.

तापमानाचे चढउतार या कामात भर घालतात. दिवसा विजेची मागणी वाढली की केबल तापते आणि गरम प्लास्टिकमध्ये अधिक पाणी मुरते. रात्री भार उतरला की प्लास्टिक थंड होते. जास्तीचे पाणी त्यात सामावू शकत नाही आणि ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने आतच साचते.

जलवृक्ष

एवढे पाणीही एरवी फारसे अपायकारक ठरले नसते. अपाय होतो तो विद्युतदाबाच्या सान्निध्यामुळे. २२ हजार व्होल्टच्या केबलमध्ये तार आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये सुमारे पावणेतेरा हजार व्होल्टचा दाब असतो. म्हणजे विद्युतरोधकाच्या प्रत्येक मिलिमीटरवर सरासरी दोन हजार व्होल्टहून अधिक. आपल्याकडील प्रत्यावर्ती विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पुरे आवर्तन करते. या आवर्तनाबरोबर आतील खारट थेंब ताणले जातात, सैल होतात, पुन्हा ताणले जातात. थेंबाच्या टोकाशी प्लास्टिकवर सतत ताण येतो, तेथे सूक्ष्म भेगा पडतात आणि रासायनिक क्रियेने साखळ्यांचे ऑक्सिडीकरण होते.

हा बदल निर्णायक ठरतो. मूळ पॉलिथिलीन पाण्याला झिडकारणारे. परंतु ऑक्सिडीकरण झालेला भाग पाण्याला जवळ करणारा बनतो. त्या अरुंद वाटेवर पाणी साठते, आणि पाणी असले की आयनांना लागणारे कवचही तेथेच मिळते. जे आयन शुद्ध प्लास्टिकच्या उंबरठ्याशी अडले होते, ते आता या ओल्या वाटेने पुढे सरकू लागतात. पाणी आणि क्षार मिळून पुढची वाट तयार करतात, आणि तयार झालेली वाट त्यांना आणखी आत नेते. अशा रीतीने सूक्ष्म पोकळ्यांची आणि त्यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म मार्गांची फांद्यांसारखी रचना प्लास्टिकमध्ये वाढत जाते. शास्त्रज्ञांनी तिला 'वॉटर ट्री' म्हणजे जलवृक्ष असे नाव दिले. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याऐवजी सौम्य मीठपाणी वापरले असता हे वृक्ष अधिक जोमाने वाढतात. म्हणूनच नव्या प्लास्टिकची परीक्षा घेताना त्यावर सुईने खाच पाडून मीठपाण्यातच दाब दिला जातो.

जलवृक्ष दोन प्रकारचे असतात. थराच्या आतल्या कणापासून दोन्ही बाजूंना वाढणारा वृक्ष गळ्यातील 'बो-टाय'सारखा दिसतो. तो बहुधा काही अंतरावर थांबतो. थराच्या पृष्ठभागापासून आत शिरणारा वृक्ष अधिक धोक्याचा असतो, कारण त्याला बाहेरून पाण्याचा आणि क्षारांचा पुरवठा अखंड चालू राहतो. केबलचा तुकडा वाळला की हे वृक्ष दिसेनासे होतात; गरम पाण्यात ठेवल्यास पुन्हा उमटतात. पातळ काप काढून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवले की, झाडाची नक्षी स्पष्ट दिसते.

वाढताना जलवृक्ष ठिणगी पाडीत नाही, आवाज करीत नाही. थराच्या मोठ्या भागात तो पसरला तरी केबल चालू राहू शकते. केवळ तिची सहनशक्ती घटत जाते. मग एके दिवशी वीज कोसळल्याने किंवा स्विच उघडमीट केल्याने दाबाचा क्षणिक तडाखा येतो. जलवृक्षाच्या टोकापासून 'विद्युतवृक्ष' फुटतो. या वृक्षात मात्र ठिणग्या पडतात, प्लास्टिक जळते आणि अल्पावधीत थर फुटून पुरवठा खंडित होतो. रोगाला कित्येक वर्षे लागतात. मृत्यू मात्र अकस्मात येतो.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील संशोधकांनी पाण्यात ठेवलेल्या पॉलिथिलीनच्या तारांमधील या विकृतीकडे लक्ष वेधले. अमेरिकेत त्याच सुमारास वसाहतींमधून पॉलिथिलीनच्या केबल बाह्य वेष्टणाविना थेट जमिनीत पुरण्याची पद्धत रूढ झाली होती. तीस-चाळीस वर्षे टिकतील असे मानलेल्या यांपैकी अनेक केबल दहा-पंधरा वर्षांतच निकामी होऊ लागल्या, तेव्हा कोठे जलवृक्षांचे गांभीर्य सर्वांना पटले.

उपाययोजना

कारण समजल्यावर उपायांची दिशा स्पष्ट झाली. पाण्याला पूर्णपणे अडवणे हा एक मार्ग. सागरी आणि अति उच्च दाबाच्या केबलवर शिशाचे किंवा अन्य धातूचे अखंड वेष्टण चढवतात. धातूतून पाण्याचा रेणू जात नाही. मध्यम दाबाच्या केबलसाठी हा खर्च नेहमीच परवडत नाही. तेथे दुसरा मार्ग स्वीकारावा लागतो. पाणी आत येणार हे मान्य करावयाचे, परंतु त्याला थांबण्यास आणि जमण्यास जागा ठेवावयाची नाही.

त्यासाठी कारखान्यात कच्च्या मालाची स्वच्छता कटाक्षाने पाळली जाते. पूर्वी प्लास्टिकच्या साखळ्या बांधण्यासाठी दाबाखालील वाफ वापरीत, त्यामुळे केबल जन्मतःच ओली असे. आता कोरड्या वायूत उष्णता देऊन हे काम करतात. तारेवरील अर्धवाहक थर, विद्युतरोधक आणि त्यावरील दुसरा अर्धवाहक थर हे तिन्ही एकाच वेळी चढवल्यामुळे त्यांच्यामध्ये धूळ किंवा हवा अडकत नाही. १९८०च्या दशकात जलवृक्षांची वाढ रोखणारे खास पॉलिथिलीन बाजारात आले. बाह्य वेष्टणाखाली पाणी लागताच फुगून वाट बंद करणाऱ्या पट्ट्याही वापरात आल्या. जुन्या केबलच्या तारांमधील फटींतून विशिष्ट सिलिकॉन द्रव भरण्याची पद्धतही विकसित झाली आहे. हा द्रव प्लास्टिकमध्ये मुरून जलवृक्षातील पाण्याशी संयोग पावतो आणि पोकळ्या भरून काढतो.

तपासणीची पद्धतही बदलावी लागली. कागदी केबलच्या काळात एकदिश विजेचा उच्च दाब देऊन परीक्षा घेण्याची प्रथा होती. जलवृक्षांनी ग्रासलेल्या जुन्या प्लास्टिक केबलला अशी परीक्षाच अपायकारक ठरते, असे अनुभवास आले. कारण थरात अडकून राहिलेला विद्युतभार पुढे घात करतो. म्हणून आता सेकंदाला एक दशांश आवर्तनाची, म्हणजे दहा सेकंदांत एकदा दिशा पालटून पूर्वस्थितीत येणारी वीज वापरून केबलचे आरोग्य जोखतात.

खड्ड्याशेजारची दक्षता

जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे असंख्य खांब जमीनदोस्त केले. वाऱ्यापासून सुरक्षित अशा भूमिगत वाहिन्यांचे महत्त्व त्यामुळे कोकणात सर्वांनाच पटले. परंतु तारा जमिनीखाली गेल्या की वादळाशी असलेले वैर संपते आणि पाण्याशी असलेले सुरू होते. भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस असलेल्या किनाऱ्यावर हे वैर सामान्य नव्हे.

कारखान्यात घेतलेली सारी काळजी केबल टाकताना केलेल्या क्षुल्लक हयगयीने वाया जाऊ शकते. ड्रमवरील केबलचे टोक टोपीविना उघडे राहिले, तर पावसाचे पाणी तारांच्या फटींतून थेट आत शिरते. बाहेरून थर ओलांडण्यास ज्याला महिने लागले असते, त्याला येथे मोकळे दार मिळते. खड्ड्यात अणकुचीदार दगड राहिला, तर बाह्य वेष्टण सोलवटते. ओल्या किंवा घामेजल्या हातांनी जोड बांधला, तर घामातील क्षार विद्युतरोधकाच्या पृष्ठभागावर राहतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे हेच क्षार पुढे पाण्याला बोलावून घेतात. यासाठी जोडाच्या जागी ताडपत्रीचा आडोसा करणे, पृष्ठभाग योग्य द्रावकाने आणि स्वच्छ फडक्याने पुसणे, खड्ड्यात वाळूची गादी अंथरणे आणि कापलेले प्रत्येक टोक त्याच दिवशी बंद करणे, या साध्या गोष्टींना मोठे मोल आहे.

या कामात नागरिकांचाही वाटा आहे. नळजोडणीसाठी किंवा अन्य कारणाने रस्ता खोदताना कुदळीचा ओझरता घाव केबलला लागतो. वीज चालू राहते, म्हणून तो घाव कोणी कळवीत नाही आणि खड्डा बुजवला जातो. त्या जखमेतून पाण्याचा प्रवास सुरू होतो आणि तीन-चार वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, संपूर्ण वस्ती अंधारात जाते. तेव्हा त्या कुदळीची आठवण कोणालाही नसते. घाव लागताच वीज कार्यालयास कळविले, तर एका जोडात काम भागते.

पाण्याचा रेणू प्लास्टिकच्या भिंतीतून वाट काढणारच. तो निसर्गाचा नियम आहे. त्या वाटेवर क्षाराचा कण, घामाचा डाग किंवा कुदळीची खाच ठेवावयाची की नाही, हे मात्र माणसाच्या हाती आहे. घारापुरीच्या घरांत रात्री लागणारा दिवा आणि किनाऱ्यावरील एखाद्या गावाच्या दवाखान्यातील लसींचा शीतपेटारा, या दोहोंचे सातत्य अखेर करंगळीहून कमी जाडीच्या त्या थराच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे.